कुंडीतल्या मिरच्यांची पानं वळून राहिली, फुलं गळून राहिली – नागपूरकरांनो मदत करा

गच्चीनवखी – 11 एप्रिल, सकाळी
नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मनीषनगरला राहतो, तिसरा मजला आणि वर गच्ची, गच्चीवर सहा कुंड्या आहेत. त्यातल्या चार मिरचीच्या. बी विकत नाही आणलं, सासूबाई दरवर्षी कळमन्याच्या बाजारातून वर्षाची मिरची आणतात ना, त्याची देठं तोडताना जे बी खाली पडलं तेच जानेवारीच्या शेवटी पेरलं. बाकी दोन सिमला मिरच्या, त्यांची रोपं नर्सरीतून आणली. मार्चपर्यंत सगळं इतकं मस्त होतं की मी शेजारणीला बोलावून बोलावून दाखवत होते. आता पंधरा-वीस दिवसांपासून पानं वळायला लागलीत, टोकं जळल्यासारखी तपकिरी, आणि फुलं येतात पण सकाळी झाडू मारायला गेलं की सगळी खाली. पाणी दोन वेळा देते, पाण्याची अजिबात कंजुषी नाही. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, भाजीचा कचरा, सगळं टाकते. काय चुकतंय? फोटो जोडलेत, बाजूची बादली प्लीज इग्नोर करा.

सावजी_तडका – 11 एप्रिल
काही चुकत नाहीये हो, एप्रिलमधे नागपुरात माणसांची पानं वळतात, मिरचीचं काय घेऊन बसलात :)

ढेपवाले_काका – 11 एप्रिल
थांबा जी, हसण्यावर नेऊ नका, पोरगी पहिल्यांदा लावून राहिली. बेटा, आधी मला चार गोष्टी सांग. एक, कुंडी केवढी आणि कशाची. दोन, माती कुठली. तीन, पानं वरच्या बाजूनं वळली का खालच्या. चार, पाणी कुठलं. फोटोत मातीवर काहीतरी पांढरं पांढरं दिसून राहिलं, ते बुरशी नाही वाटत मला.

पऱ्हाटी – 11 एप्रिल
वळण्याची दिशा महत्त्वाची, काका बरोबर विचारतायत. पानाच्या कडा वर उचलून होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, ज्याला सगळे थ्रिप्स म्हणतात. पान खाली वळून लांबोळकं, कडक झालं असेल तर कोळी, म्हणजे माइट्स, जाळं विणणारा कोळी नाही. आणि शेंड्याची पानं बारीक, गुच्छासारखी, झाड बुटकं राहिलं असेल तर तो व्हायरस, जो पांढरी माशी आणते, त्याला औषध नाही, झाड उपटायचं. आमच्याकडे शेतात या सगळ्याला मिळून चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, आणि मग दुकानदार एकच बाटली सगळ्याला देतो ती गोष्ट वेगळी.
एक सोपी टेस्ट करा. पांढरा कोरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी दोन-तीनदा टपटप झटका. कागदावर बारीक काड्यांसारखं काही चालताना दिसलं तर थ्रिप्स. कोळी इतके लहान असतात की भिंग लागतं.

संत्र्याची_फोड – 11 एप्रिल
आंबट ताक फवारा. चार दिवसांचं ताक, त्यात हिंग, दहापट पाणी. माझ्या आईचा अनुभव आहे. पानं सरळ होतात.

पऱ्हाटी – 11 एप्रिल
ताई, वळलेलं पान परत सरळ होत नाही, कशानेही नाही. नवीन पान सरळ येतं. आपण ताक मारतो, पंधरा दिवसांत नवीन पानं येतात, आणि श्रेय ताकाला जातं.

संत्र्याची_फोड – 11 एप्रिल
तुम्ही शेतकरी असाल दादा पण माझ्या आईच्या मिरच्या तुम्ही खाल्लेल्या नाहीत.

गच्चीनवखी – 11 एप्रिल, रात्री
बाप्पा, इतके रिप्लाय! कागदाची टेस्ट केली. चारपैकी एका झाडावर दोन-तीन बारीक किडे चालताना दिसले, बाकी तिघांवर काहीच नाही, तरी पानं सगळ्यांचीच वळलीत. कुंड्या प्लास्टिकच्या काळ्या, दहा इंची. माती बिल्डिंगच्या मागे खोदकाम झालं होतं तिथली काळी माती, आणि थोडं शेणखत. आणि काका, पाण्याचं विचारलंत तर, सकाळी नळाचं आणि संध्याकाळी कूलरचं. म्हणजे कूलरच्या टाकीतलं. आठवड्याला टाकी रिकामी करायचीच असते ना, डेंग्यूचे डास होतात म्हणून, तर इतकं पाणी गटारात ओतण्यापेक्षा झाडांना देते. मला वाटलं पाणी वाचतंय, चांगलंच काम आहे.

ढेपवाले_काका – 11 एप्रिल
सापडलं! बेटा तेच ते पांढरं. मीठ आहे ते. म्हणजे खायचं मीठ नाही, पाण्यातले क्षार. कूलर काय करते, पाणी उडवते. उडते ते निव्वळ पाणी, क्षार राहते टाकीतच. तू वरून पाइपानं टाकी भरते, ते पुन्हा उडते, क्षार पुन्हा राहते. आठ दिवसांत टाकीतलं पाणी म्हणजे क्षारांचा काढा. टाकीच्या कडेला आणि गवताच्या पॅडवर जो पांढरा थर बसते ना, घासून घासून निघत नाही, तोच तू रोज संध्याकाळी मिरचीला पाजून राहिली.

बर्डीवाला – 12 एप्रिल
काकांचं वाचून माझ्याकडची टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी, काढली, फिल्टरवाल्याकडून घेतलेली पडून होती. आमचं नळाचं पाणी 240 च्या आसपास. कूलरच्या टाकीतलं, सहा दिवसांचं, 1380. बोअरचं तर विचारूच नका. मी पण तुळशीला हेच पाणी घालत होतो, आता कळलं तुळस दरवर्षी मे मधे का जाते.

सावजी_तडका – 12 एप्रिल
मग ते पाणी करायचं काय? फेकायचं?

पऱ्हाटी – 12 एप्रिल
अंगण धुवा, गाडी धुवा, संडासात टाका. झाडांना नको. आरओच्या वेस्ट पाइपमधून येणाऱ्या पाण्याचं पण तेच, क्षार त्यातच असतात. मिरची या बाबतीत नाजूक आहे, खारं पाणी सहन करणाऱ्या पिकांत ती येत नाही, कापूस येतो. क्षार वाढले की मातीत पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून ओल्या कुंडीत झाड तहानलेलं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय, आपण अजून देतो, आणि परत कूलरचंच. टोकं तपकिरी होणं हे त्याचंच लक्षण.

गच्चीनवखी – 12 एप्रिल
अरे देवा. म्हणजे मी रोज विष घालत होते. आता वाचवता येतील का? सांगा काय करू, आज सुट्टी आहे.

ढेपवाले_काका – 12 एप्रिल
विष-बिष काही नाही, घाबरू नको. वरचा पांढरा थर चमच्यानं खरडून काढून टाक. मग कुंडी सावलीत उचलून ने, खालची भोकं मोकळी आहेत का पाहा, नसतील तं खिळा तापवून पाडजा. नंतर साधं नळाचं पाणी हळूहळू सोडत राहा, कुंडीत जेवढं मावते त्याच्या तीन-चार पट, खालून वाहून जाऊ दे सगळं. ताटलीत साचलेलं पाणी फेकून देजा, परत आत नको शोषू द्यायला. मग तीन-चार दिवस पाणी नाही. बोट खुपस दोन पेरं, आत ओल लागली तं नको, कोरडं लागलं तं दे.
आणि ते भाजीचा कचरा, टरफलं टाकणं बंद. कच्चा कचरा कुंडीत सडते, गरम होते, चिलटं येते. टरफलं विरघळायला वर्ष लागते बेटा, तोवर मिरचीचा ठेचा होऊन संपून जाईल. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबाची ढेप, म्हणजे कडुनिंबाच्या बियांचं तेल काढून उरते तो चोथा, एवढं पुरे. सरकीची ढेप नको आत्ता, उन्हाळ्यात ती फार चढते.

उमरेडरोड – 12 एप्रिल
मातीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. खोदकामाची काळी माती म्हणजे आपली रेगूर, शेतात सोनं आहे पण कुंडीत दगड. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, आणि भेगांतून पाणी सरळ खाली पळतं, मुळांजवळ थांबतच नाही. खोदकामाची असेल तर त्यात सिमेंट-चुना पण मिसळलेला असणार. पुढच्या वेळी काळी माती एक भाग, गांडूळखत एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, आणि धानाचं तूस मिळालं तर अर्धा भाग. भंडाऱ्याकडून कोणी येणारं असेल तर पोतंभर तूस मागवा, राइसमिलवाले असंच देतात. वाळू टाकली तरी चालेल पण कुंडी उचलून कंबर जाते.

गच्चीनवखी – 12 एप्रिल, रात्री
सगळं केलं. खालून जे पाणी निघालं ते चहासारखं होतं. सासूबाई म्हणाल्या मिरची पन्नास रुपयांची आणि पाणी पाचशेचं :) एक प्रश्न राहिला, फुलं. ती पण क्षारांमुळेच गळतायत का?

पऱ्हाटी – 12 एप्रिल
थोडी त्यामुळे, पण मुख्य कारण ऊन. दिवसा पारा 35 च्या वर गेला की मिरचीच्या फुलात परागच नीट होत नाहीत, आणि रात्री पारा 24-25 च्या खाली आला नाही की फळ धरत नाही. आता आपल्या नागपूरचं गणित करा. एप्रिलमधे दिवसा 42, रात्री झोपायला गेलो तरी गच्चीचा स्लॅब तापलेला. 2013 च्या मे मधे तर 47.9 झालं होतं, आठवत असेल. फूल काय करणार तिथं. झाड स्वतःच फुलं टाकून देतं, जीव वाचवायला. म्हणून मी म्हणेन जुलैपर्यंत फळाची अपेक्षाच सोडा, आलेली फुलं खुडून टाका, फक्त झाड जगवा.

संत्र्याची_फोड – 13 एप्रिल
जुलैपर्यंत?! मग उपटून नवीन लावलेलं काय वाईट.

ढेपवाले_काका – 13 एप्रिल
उपटू नका. मिरची काही वर्षभरातच मरणारं झाड नाही, आपण शेतात एका हंगामात काढतो म्हणून तसं वाटते. कुंडीत दोन-तीन वर्षं आरामात जगते. माझ्याकडची एक तिसऱ्या वर्षात आहे, खोड कापसाच्या पऱ्हाटीएवढं झालं.

बर्डीवाला – 13 एप्रिल
सिमला मिरचीचं मी सांगतो, मी तीन वर्षं हरलोय. ती थंडीची बाई आहे. ऑगस्ट-सप्टेंबरला बी टाकायचं, दिवाळीच्या सुमारास मोठ्या कुंडीत, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मिरच्या. उन्हाळ्यात नर्सरीवाले रोपं विकतात कारण आपण घेतो. आणि एक, बाजारातल्या हिरव्या सिमला मिरचीचं बी काढून लावू नका, ती कच्ची असते, बी पण कच्चंच. पूर्ण लाल झालेलीचं उगवतं, पण ती संकरित असते, मग काय निघेल ते देवाला माहीत.

गच्चीनवखी – 3 मे
अपडेट. नवीन पानं सरळ आली! ज्या झाडावर किडे होते त्यावर निंबाचं तेल मारलं, लिटरला 5 मिली आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी ऊन गेल्यावर, पानाच्या खालून. दर पाच दिवसांनी, तीनदा. निळं चिकट कार्ड पण लावलं, त्यावर बरेच किडे चिकटले, एक बिचारी मधमाशी पण. पण एक सिमला मिरची गेली. सकाळी बरी होती, दुपारी मान टाकली, संध्याकाळी पाणी दिलं तरी उठली नाही. उपटून पाहिलं तर मुळं शिजल्यासारखी, मऊ.

उमरेडरोड – 3 मे
शिजल्यासारखी नाही, शिजलीच. काळी प्लास्टिक कुंडी, तीही थेट स्लॅबवर. दुपारी कुंडीच्या भिंतीला हात लावून बघा, चटका बसतो. एकतर कुंड्यांखाली विटा ठेवा म्हणजे स्लॅबचा ताप लागणार नाही. बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा, किंवा कुंडीला चुना फासा. माझी पद्धत, मोठ्या कुंडीत छोटी कुंडी आणि मधल्या जागेत पालापाचोळा. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, दुपारी बारा ते चारचं ऊन नको, सकाळचं चार-पाच तास भरपूर झालं. मातीवर पण वाळलेला पाला अंथरा, दोन इंच.

सावजी_तडका – 3 मे
म्हणजे मिरचीला वाळ्याचे पडदे आणि कूलर लावायचा, फक्त कूलरचं पाणी द्यायचं नाही. समजलं.

ढेपवाले_काका – 24 मे
उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. सगळ्यांनी पाणी सकाळी सहाच्या आत द्या, दुपारी पानं लोंबली तं लगेच पाणी घेऊन धावू नका. दुपारी लोंबणं हे झाडाचं झोपणं आहे, संध्याकाळी आपोआप उठते. संध्याकाळीही नाही उठलं तं मग बोट खुपसून पाहा. गावाला जाणाऱ्यांनी शेजाऱ्याला चाव्या देताना 'रोज पाणी घाला' नका सांगू, 'बोट घालून मग घाला' सांगा.

गच्चीनवखी – 18 जून
पहिला पाऊस पडला काल! पाचही जिवंत. चार मिरच्या, एक सिमला. पण दिसायला काड्या झाल्यात अगदी, पानं मोजकी. आता?

पऱ्हाटी – 18 जून
आता धाडस करा. जमिनीपासून सहा-सात इंचांवर कापून टाका, वाय आकाराच्या फांद्या राहू द्या. कात्री आधी डेटॉलने पुसा. आणि त्याच दिवशी मोठ्या कुंडीत हलवा, बारा इंची किंवा पेंटची वीस लिटरची बादली, माती उमरेडवाल्या दादांनी सांगितलेली. भोकं तळाला नको, बाजूने खालच्या भागात पाडा, चार-पाच.

गच्चीनवखी – 18 जून
कापू?? इतके महिने जगवलं आणि आता कापू?

संत्र्याची_फोड – 18 जून
काप ग. यावेळी मी पण दादांच्या बाजूने आहे, आई पण असंच करायची. ताक नंतर.

गच्चीनवखी – 9 जुलै
तीन आठवडे झाले. कापलेल्या जागी इतके फुटवे! पण एका कुंडीत पाणी साचतंय, चार दिवस झड होती आणि झाड पिवळं पडतंय.

उमरेडरोड – 9 जुलै
झडीत कुंडी पावसाखालून काढून घ्या, छज्जाखाली. कुंडी जराशी तिरपी करून ठेवा, जास्तीचं पाणी भोकातून निघतं. पावसाळ्यात मिरची पाण्याने जाते, उन्हाने नाही. वरचा पाला पण काढून टाका आता, उन्हाळ्यात तो मित्र होता, आता बुरशीचं घर.

बर्डीवाला – 9 जुलै
काठी लावा, नाहीतर वाऱ्यात फांद्या मोडतात. तुराटी मिळाली तर उत्तम, बांधताना सुतळीचा आठाचा आकडा करा, खोड आवळू नका.

गच्चीनवखी – 28 ऑगस्ट
फळ धरलं!!! पहिलं फळ परवा दिसलं, आज मोजले तर चारही झाडांवर मिळून 31. सकाळी फांद्या हलक्या हाताने हलवते, कोणीतरी सांगितलं होतं पराग पडतात म्हणून. पण एक गंमत झालीय. चारही एकाच पिशवीतलं बी, पण दोन झाडांच्या मिरच्या लांब खाली लोंबतात, एकाच्या आखूड जाड, आणि तिसऱ्या नंबरच्या कुंडीतल्या छोट्याशा, आकाशाकडे तोंड करून उभ्या. सासूबाई म्हणतात दुकानदाराने भिवापुरी म्हणून दिलेली होती.

ढेपवाले_काका – 28 ऑगस्ट
दुकानदार सगळ्याच लाल मिरचीला भिवापुरी म्हणते बेटा. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, रंग तिचा लालभडक, पण बाजारात पोत्यात काय काय मिसळलं असते कोणाला माहीत. तुझी उभी मिरची वेगळ्याच घरची पाहुणी आहे. पण तिखट असेल, जपून.

पऱ्हाटी – 29 ऑगस्ट
किंवा संकरित मिरचीचं बी असेल, पुढच्या पिढीत वेगवेगळी रूपं निघतात. मजा ही की आता तुम्ही निवडू शकता. जी आवडली तिच्या दोन-तीन मिरच्या झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, सावलीत वाळवा, बी कागदाच्या पुडीत. मात्र चार झाडं शेजारी शेजारी असतील तर मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते, म्हणून बियांसाठी निवडलेल्या फांदीवर फूल उमलण्याआधी पातळ कापडाची पिशवी बांधा.

सावजी_तडका – 29 ऑगस्ट
त्या उभ्या मिरचीचा ठेचा कधी?

गच्चीनवखी – 14 ऑक्टोबर
ठेचा झाला, रविवारी. लोखंडी तव्यावर तेल टाकून मिरच्या भाजल्या, लसूण, मीठ, शेंगदाणे, वरवंट्याने. बी काढून टाकलं तिखट कमी व्हावं म्हणून, काही फरक नाही, नंतर कळलं की तिखट बियांत नसतं, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत असतं. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि फ्रिज उघडून उभा राहिला. सासूबाईंनी मात्र भाकरीबरोबर पूर्ण वाटी संपवली आणि म्हणाल्या हीच ठेव, बाकीच्या उपटल्या तरी चालतील.
पण नवीन संकट. पोपट. सकाळी साडेसहाला तीन येतात, लाल झालेल्या मिरच्याच नेमक्या तोडतात, अर्ध्या खातात, अर्ध्या फेकतात. मी हाकललं तर माझ्याकडे बघून आरामात खातात.

ढेपवाले_काका – 14 ऑक्टोबर
त्यांना तिखट लागतच नाही बेटा, पक्ष्यांना मिरची म्हणजे आपल्याला गाजर. जाळी लाव, बियांसाठी ठेवलेल्या मिरच्यांना पिशवी बांध, बाकीच्या हिरव्याच तोडत जा. आणि हिरव्या तोडत राहिलं की झाड जास्त देते, लाल होऊ दिल्या तं फुलं कमी होते.

संत्र्याची_फोड – 14 ऑक्टोबर
त्या उभ्या मिरचीचं बी मला हवंय. बदल्यात आईच्या मिरचीचं देते, आणि ताकाची रेसिपी फुकट. शनिवारी गोकुळपेठेत येणार असशील तर सांग.

गच्चीनवखी – 15 ऑक्टोबर
येते ना, भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर, अकराला. उरलेली सिमला मिरची अजून तशीच उभी आहे, एक पण फळ नाही, पण काल पहिल्यांदा कळी दिसली. बर्डीवाले दादा, थंडीपर्यंत थांबू ना?

बर्डीवाला – 15 ऑक्टोबर
थांबा. आणि कूलर आता धुऊन झाकून ठेवलात ना?